सायकलची चेन, खिळ्यांचा पट्टा, पोलादी टोपीचे बूट: रस्त्यावरची हत्यारं अंगावरचा पोशाख कशी झाली?

आयर्विन_पूल (धागाकर्ता)

सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही पँटला लोंबणारी साखळी, मनगटात सायकलची चेन, जीन्सच्या जॅकेटवर पिरॅमिडच्या टिकल्या असा पोशाख आता नवा राहिलेला नाही. माल बहुतेक ऑनलाइन मागवलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात मुलामा उडतो, कड्या उघडतात, मनगट काळं पडतं. या वस्तू कुठून आल्या आणि इथल्या इथे नीट कशा बनवता येतील, या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात याव्यात म्हणून हा धागा.

एक अट आधीच. मारायला उपयोगी पडेल असं काही बनवण्याची माहिती इथे कोणी टाकू नये. हत्याराचा दागिना होताना त्यातून वजन, धार आणि पकड या तीन गोष्टी जाव्या लागतात. आकार तेवढा उरतो. ज्या वस्तूत या तिन्हीपैकी एक जरी राहिली, ती घालणाऱ्यालाच आधी लागते. पुढचे प्रतिसाद याच अंगाने यावेत.

थोडा इतिहास. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये टेडी बॉय म्हणून ओळखली जाणारी कामगारवस्तीतली पोरं एडवर्ड राजाच्या काळातल्यासारखे लांब कोट घालायची. त्यांच्या भांडणात निघायची ती सायकलची चेन आणि जाड बकलाचा कमरपट्टा. दोन्ही वस्तू घरातल्याच, विकत आणाव्या लागत नव्हत्या. १९६४ साली क्लॅक्टन, मारगेट, ब्रायटन या समुद्रकाठच्या गावांत मॉड आणि रॉकर या दोन टोळक्यांच्या मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्या इतक्या रंगवल्या की चामड्याचं जॅकेट आणि साखळी म्हणजे धोका, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे १९७०च्या दशकात पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतवाले, आले आणि त्यांनी हीच भीती अंगावर मिरवली. लंडनला किंग्ज रोडवरच्या ४३० क्रमांकाच्या दुकानात व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅकलॅरन सेफ्टी पिना, साखळ्या, पट्टे लावलेले कपडे विकत होते. सेक्स पिस्टल्स या पंक बँडमधल्या सिड व्हिशसच्या गळ्यात साखळी आणि कुलूप असायचं. कुलूपसाखळी मुळात दाराला लावायची वस्तू. तिथून ती गळ्यात आली.

पोवईनाका

पाकिटाची साखळी पण हत्यारातूनच आली ना? बाइकवाले मारामारीत वापरायचे असं सगळीकडे वाचायला मिळतं.

आयर्विन_पूल

नाही. तिचं मूळ काम पाकीट सांभाळायचं. अमेरिकेतले मोटरसायकलवाले आणि ट्रकवाले मागच्या खिशात लांब पाकीट ठेवायचे. गाडीच्या हादऱ्याने ते वर सरकून पडायचं, म्हणून साखळी. हत्यार असल्याची ख्याती तिला नंतर चिकटली. त्याआधीचा धागा म्हणजे झूट सूट. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांचे ढगळ सूट आणि त्यांवर गुडघ्यापर्यंत लोंबणारी किल्ल्यांची किंवा घड्याळाची साखळी. जून १९४३ मध्ये तिथे खलाशी आणि सैनिकांनी या पोरांना रस्त्यात गाठून मारलं, अंगावरचे सूट फाडले. युद्धामुळे कापडावर निर्बंध होते आणि एवढ्या कापडाचा सूट म्हणजे देशद्रोह असा आरोप होता. म्हणजे तिथे मार खाल्ला तो साखळीवाल्यांनी.

कुपवाडचा_टर्नर

पाकिटाच्या साखळीपासूनच सुरुवात करू. सगळ्यात जास्त चुका तिच्यातच होतात.

तार: १४ गेज, म्हणजे २ मिमी. यापेक्षा जाड नको. साखळीचं वजन तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढतं. ५० सेंमी लांबीची २ मिमी तारेची साखळी साधारण ४५ ग्रॅम भरते, ३ मिमीची १०० ग्रॅम आणि ४ मिमीची १७५ ग्रॅमच्या आसपास. ४ मिमीची साखळी पँटचा लूप ओढून फाडते, खुर्चीवर बसलं की मांडीला टोचते, आणि धागाकर्त्यांनी घातलेल्या अटीतही बसत नाही.

लांबी: कमरेच्या पुढच्या लूपापासून मागच्या खिशापर्यंत, झोळ धरून ४० ते ४५ सेंमी. झोळाचा सगळ्यात खालचा बिंदू मांडीच्या मध्याच्या वर राहिला पाहिजे. ऑनलाइन येतात त्या ६०-७० सेंमीच्या असतात. त्या फोटोसाठी.

धातू: दुकानात स्टेनलेस म्हणून मिळतं ते बरेचदा २०२ ग्रेडचं असतं. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, त्यामुळे घामाने लवकर गंजतं. ३०४ मागा. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला जवळजवळ धरत नाहीत. उलट ओढून काढलेली ३०४ ची तार थोडी धरते, आणि मग लोक तिलाच खोटी समजतात. भंगारवाल्यांकडे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं टेस्टिंगचं लिक्विड असतं. थेंब टाकून करंट दिला की २०२ वर लाल रंग येतो. साखळीची एक कडी त्यांच्याकडून तपासून घ्यावी.

कड्या: जोड झाळलेल्या असाव्यात. नुसती तोंडं टेकवलेली कडी ओढ बसली की उघडते. नखाने चाचपून बघा, फट लागली तर ती साखळी सजावटीपुरतीच.

टोकं: एका टोकाला फिरता हुक हवा. फिरकी नसेल तर चालताना साखळीला पीळ बसतो, ती आखूड होत जाते आणि शेवटी पाकीटच बाहेर ओढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साखळी कुठेतरी सुटली पाहिजे. पाकिटाच्या बाजूला चामड्याची १२ मिमी रुंद पट्टी घ्या, ती कडीतून ओवून घडी घाला आणि टिचबटणाने बंद करा. झटका बसला की टिचबटण उघडतं आणि माणूस मोकळा होतो. टिचबटणाऐवजी रिवेट मारला तर काहीतरी फाटणार हे नक्की. ते कापड असेल तर नशीब.

पोवईनाका

मोटरसायकलवर ही साखळी कुठल्या बाजूला असावी?

कुपवाडचा_टर्नर

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चेन आणि साडीगार्ड डावीकडे, सायलेन्सर आणि किक उजवीकडे. डाव्या बाजूला घातली तर मागे बसलेल्या माणसाच्या फूटरेस्टमध्ये आणि साडीगार्डच्या जाळीत अडकते. उतरताना पाय टाकला की पँट तिथेच राहते. उजवीकडे घातली तर किक मारताना किकच्या दांड्यात अडकते. सेल्फ स्टार्टची गाडी असेल तर उजवी बाजू बरी. जुनी गाडी असेल तर बसण्याआधी हुक काढून साखळी पाकिटासकट पुढच्या खिशात टाकावी. आणि टिचबटण हवंच, कुठल्याही बाजूला.

चर्मकाम

टिचबटणात एक भर. चामडं दुहेरी होऊन ३ मिमीपेक्षा जास्त झालं तर साध्या टिचबटणाची नळी पुरत नाही. बटण तिरपं बसतं आणि चार दिवसांत आपोआप उघडायला लागतं. १.२ ते १.५ मिमीचं चामडं घ्यावं, दोन पदर मिळून ३ च्या आत. जाड चामडं असेल तर बटणाच्या जागी आतून रापीने तासून पातळ करावं.

सप्ततारा

सायकलच्या चेनचं ब्रेसलेट बनवायचं आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला सात जणांना एकसारखी हवी आहेत. जुनी चेन सायकलवाल्याकडे फुकट मिळते, ती चालेल का?

कुपवाडचा_टर्नर

जुनी घेऊ नका. तिच्या रोलरच्या आत जे काळं बसलेलं असतं ते डिझेलमध्ये आठवडाभर ठेवलं तरी पूर्ण निघत नाही, आणि घाम लागला की बाहेर येऊन शर्टाची बाही काळी करतं. सात जणांसाठी एक नवी चेन पुरते.

मोजणी अशी. सायकलच्या चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. मनगट मोजलं, त्याला १२.७ ने भागलं आणि चेन तोडली, असं केलं तर ती बसत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं, चेन गोल वळली की तिची लांबी पिनांच्या रेषेवर मोजली जाते, पण मनगटाला लागते ती पट्ट्यांची आतली कड. पट्टीची उंची ८.५ मिमीच्या आसपास असते. त्यामुळे आतला घेर साधारण २.७ सेंमीने कमी भरतो.

दुसरं, चेनमध्ये आतली कडी आणि बाहेरची कडी आलटून पालटून येतात. चेन लॉकने, म्हणजे टोकं जोडणाऱ्या क्लिपच्या सुट्या कडीने, जोडायची तर दोन्ही टोकांना आतली कडी हवी, म्हणून लॉक धरून एकूण आकडा समच येतो.

हिशोब करून ठेवला आहे:
१४ कड्या: आतला घेर १५.१ सेंमी
१६ कड्या: १७.६ सेंमी
१८ कड्या: २०.२ सेंमी

१७ सेंमीच्या मनगटाला १६ नेमकी बसते. १८ सेंमीच्या मनगटाला १६ घट्ट आणि १८ ढिली. अशा वेळी बीएमएक्स सायकलला वापरतात ती हाफ लिंक (एका टोकाला आतली, दुसऱ्या टोकाला बाहेरची असलेली कडी) एक घालायची, म्हणजे १७ कड्या होतात आणि घेर १८.९ मिळतो. ११० ते ११४ कड्यांच्या चेनमध्ये १६ ची सात म्हणजे ११२. पण प्रत्येक ब्रेसलेटमध्ये एक बाहेरची कडी लॉकची येते, म्हणजे चेनमधून प्रत्येकी १५ च लागतात. पण दोन तुकड्यांच्या मधली एकेक बाहेरची कडी वाया जाते, म्हणजे एकूण १११ लागतात. ११० ची चेन कमी पडते, ११२ ची जेमतेम पुरते. लॉक मात्र सात वेगळे आणावे लागतील.

तोडताना चेन पंच, म्हणजे पिन ढकलून काढायचं हत्यार, वापरा. हातोडी आणि खिळ्याने पिन ठोकली की बाहेरची पट्टी फुगते आणि तिची कड मनगटाला कापते. इथे पिन पूर्ण बाहेर काढली तरी चालेल, कारण ती पुन्हा बसवायची नाही.

साधी १/२ × १/८ ची (पिच आणि आतली रुंदी, इंचात) चेन घ्या, गियरच्या सायकलची १/२ × ३/३२ ची नको. गियरच्या चेनच्या पट्ट्या आतून उताराच्या असतात आणि केस पकडतात. १६ कड्यांचं ब्रेसलेट ५०-६० ग्रॅम भरतं. मोटरसायकलची चेन लावू नका. ४२८ नंबरच्या चेनचा पिच एवढाच, पण ती रुंद असते आणि वजन दुपटीहून जास्त. हाताच्या हाडावर दिवसभर आपटते.

सप्ततारा

चकाकी हवी असेल तर कुपवाडला नेऊन निकेल प्लेटिंग करून घेऊ का?

कुपवाडचा_टर्नर

जोडलेल्या चेनला प्लेटिंग करायचंच नाही. बाथच्या आधी ॲसिडमध्ये बुडवतात, ते ॲसिड पिन आणि रोलरच्या फटीत अडकतं. वरून चकचकीत दिसतं आणि पंधरा दिवसांत सांध्यांतून तांबूस पाणी झिरपायला लागतं. शिवाय चार सुट्या नगांसाठी कोणी बाथ लावत नाही. चेन विकत घेतानाच निकेल केलेली मिळते, ती घ्या. कोणाला खोट्या दागिन्यांनी पुरळ येत असेल तर त्याला निकेल चालणार नाही. त्याला साधी काळी चेन द्या.

साध्या चेनला कारखान्याचं ग्रीस असतं. ते रात्रभर डिझेलमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने काढा, मग गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून दोनदा धुवा, लगेच झटकून कडक उन्हात ठेवा. पावसाळी हवा असेल तर हेअर ड्रायर. फटीत पाणी राहिलं की दोन दिवसांत गंज वर येतो. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक रोलरला लावून फडक्याने पुसून घ्या. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि खवट वास मारतं.

लॉकची माशासारखी क्लिप असते, तिचं फाटलेलं तोंड हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका. कपड्यात तेच अडकतं.

माणदेश

खिळ्यांच्या पट्ट्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. पंक आणि मेटलवाले (हेवी मेटल संगीताचे चाहते) गळ्यात, मनगटात घालतात तो खिळ्यांचा पट्टा मुळात हत्यार नव्हताच. ते संरक्षण होतं. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आहे तो. लांडगा कुत्र्याची मानगूट धरतो, म्हणून गळ्याभोवती बाहेर तोंड करून खिळे. ग्रीसपासून तुर्कस्तानपर्यंत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात तो जुन्या काळापासून आहे. आपल्या आटपाडी, जत, माण, खटावच्या माळावर धनगरांच्या वाड्याला असे पट्टे नवलाचे नाहीत. लांडगा आहे तिथे तो पट्टा आहे.

म्हणून हा पट्टा गळ्यात घालणाऱ्यांना विनंती, त्याला गुलामीची किंवा मारामारीची खूण एवढंच समजू नका. ज्याला राखण करायची आहे त्याच्या गळ्यातली वस्तू आहे ती. कुत्र्याच्या पट्ट्यात खिळे आतून बाहेर ठोकतात आणि डोक्यांवर आतून दुसरा पदर शिवतात, नाहीतर मानेला जखम होऊन त्यात अळ्या पडतात. माणसाच्या पट्ट्यात नेमका हाच पदर विसरला जातो.

चर्मकाम

माणदेश यांनी बरोबर नस पकडली. आतला पदर हीच त्या पट्ट्याची निम्मी कारागिरी. सविस्तर देतो.

चामडं: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं, जे कोल्हापुरी चपलेला लागतं. जाडी २.५ मिमी. क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं मऊ आणि स्वस्त असतं, पण ते ताणतं. मग भोकं लांबुळकी होतात आणि टिकल्या डुलायला लागतात. आतला पदर मात्र १ मिमीचं मऊ मेंढीचं घ्या. मानेला लागतं ते हेच.

रुंदी: मानेसाठी २५ मिमी, मनगटासाठी ४०. मानेचा पट्टा ३० च्या वर गेला की मान वाकवताना कड जबड्याखाली रुतते.

लांबी: मानेचा घेर, अधिक बकलाची घडी ४ सेंमी, अधिक भोकांसाठी लागेल तेवढं टोक. पाच भोकं, दर दोन सेंमीवर. सगळ्यात सैल भोकात पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

टिकल्या दोन जातीच्या. एक पायांची, जिचे पाय चामड्यातून आत घालून मागे मुडपतात. दुसरी स्क्रूची, जिच्या मागून स्क्रू फिरवून कसतात. जॅकेटला पायांची, पट्ट्याला स्क्रूची. पायांची टिकली पट्ट्यात टिकत नाही. पट्टा रोज वाकतो, पाय थकून मोडतात आणि मोडका पाय आत टोचतो.

स्क्रूसाठी भोक स्क्रूच्या जाडीइतकंच पाडा. अर्धा मिमी जरी मोठं झालं तरी टिकली फिरते आणि स्क्रू ढिला होतो. भोकं पाडायच्या आधी मागच्या बाजूला पट्टीने मधली रेघ मारा आणि कंपासने सारखं अंतर खुणवा. १० मिमीच्या टिकलीला मध्यापासून मध्यापर्यंत १८ मिमी अंतर सुरेख दिसतं.

कसताना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब. नसेल तर पारदर्शक नेलपॉलिश. लाल थ्रेडलॉकर लावू नका, टिकली बदलताना स्क्रूचं तोंडच झिजून जाईल. मग आतला पदर रबराच्या सोल्युशनने चिकटवून कडेने ३ मिमी आत शिवण घाला. दोन्ही पृष्ठांना सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. ओलं असतानाच चिकटवलं तर घामाने पदर सुटतो.

टोकदार सुळे नकोत. बोथट शंकू, उंची १० ते १२ मिमी, टोकावर नखाने दाबलं तर रुतता कामा नये. लांब दिसायला हवे असतील तर प्लास्टिकवर क्रोम केलेले मिळतात. स्टेजवरून कोणाला फरक कळत नाही आणि गर्दीत शेजारच्याचा डोळा वाचतो. पुण्याला कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, गेटवर धातूचे सुळे काढून घेतात आणि परत मिळतीलच असं नाही. आणि एसटीच्या सीटचं रेक्झिन अशा पट्ट्याने किंवा जॅकेटने फाटतं. प्रवासात जॅकेट उलटं करून मांडीवर घ्यावं.

पोवईनाका

जॅकेटबद्दल पण सांगा. टिकल्या लावलेलं जॅकेट धुवायचं कसं?

चर्मकाम

धुण्याचा प्रश्न लावतानाच सोडवायचा असतो. जीन्सचं जॅकेट आधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर नंतर कापड आटतं आणि टिकल्यांच्या रांगा वाकड्या होतात. टिकलीचे पाय मुडपण्याआधी आतून खाकी कापडाची पट्टी ठेवा, पाय दोन्ही थरांतून जाऊ द्या. चपट्या स्क्रूड्रायव्हरने पाय आतल्या बाजूला, एकमेकांकडे वळवा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. हातोडी मारली तर समोरचा पिरॅमिड चेपतो.

एका खांद्याला १० मिमीच्या शंभर टिकल्या आरामात जातात. पितळी घ्या. लोखंडी मुलाम्याच्या टिकलीचे पाय कापलेल्या कडेला उघडे असतात, तिथून गंज सुरू होतो आणि कापडावर तांबडे डाग पडतात. पडलेच तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात तासभर ठेवावं. धुवायचं ते उलटं करून, थंड पाण्यात, हाताने. मशीनमध्ये टाकलं तर ड्रमला चरे पडतात. पितळेवर हिरवट आलं तर चिंचेने निघतं, पण लगेच धुवा. चिंच तशीच राहिली तर निळा रंग उडवते.

आयर्विन_पूल

चामडं आणि टिकल्या हा वेष मेटलमध्ये आणला जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडच्या गायकाने, रॉब हालफर्डने, १९७८च्या सुमारास. त्याआधी मेटलवाले साध्या हिप्पी कपड्यांतच असायचे. पुढे त्यात काडतुसांचा कमरपट्टा आला. त्याबद्दल एकच सांगायचं आहे, खरी रिकामी काडतुसं कुठूनही मिळवू नका. आपल्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागसुद्धा येतात. विमानतळावर तर एक रिकामी पुंगळीसुद्धा दिवस घालवते. लाकडावर टर्निंग करून पितळी रंग दिलेला पट्टा हलका पडतो आणि दिसतो तसाच.

कृष्णाघाट

बुटांचं काय? सेफ्टी शूज घालून फिरणारे बरेच आहेत.

कुपवाडचा_टर्नर

बुटांची गोष्ट साखळीपेक्षा सरळ आहे. डॉ. मार्टेन्सचा १४६० हा आठ भोकांचा बूट इंग्लंडमध्ये १ एप्रिल १९६० ला बाजारात आला, नावातच तारीख आहे. घेणारे कोण, तर पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्किनहेड म्हणवणाऱ्या, डोकं भादरलेल्या पोरांनी कामगाराचा अभिमान म्हणून तो उचलला. पोलादी टोपीचे बूटही त्यांच्यात होते आणि लाथेसाठी वापरले गेले. पोलीस त्यांना हत्यारात धरायचे, काही वेळा नाड्या काढून घ्यायचे. पुढे या पंथाचा एक गट वंशद्वेषाकडे गेला, पण सुरुवातीला जमैकाहून आलेल्या पोरांबरोबर त्यांचं संगीत आणि कपडे दोन्ही सामायिक होते. हे माहीत असलेलं बरं.

कामाचं. एमआयडीसीत मिळणाऱ्या सेफ्टी शूजवर आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघा. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची टोपी २०० जूल आघात सोसते. ती आपली बोटं वाचवण्यासाठी आहे. शोभेसाठी घालायचा तर टोपीचा बूट घेऊच नका, तसाच दिसणारा साधा घ्या. टोपीचा बूट घालून दिवसभर चाललं तर टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतते. एक नंबर मोठा घेतला तरी हे पूर्ण जात नाही.

गाडी चालवताना आणखी त्रास. टोपीमुळे बुटाचा पुढचा भाग जाड असतो, तो गियरच्या लिव्हरखाली जात नाही. पाय अडकून गियर पडत नाही किंवा चुकून दोन पडतात. लिव्हरचा नटबोल्ट ढिला करून ती दात्यांवर एक घर वर फिरवून बसवावी. हील-टो लिव्हर असेल तर मागची बाजू तेवढीच खाली येते, म्हणून एका घरापेक्षा जास्त फिरवू नये, इंजिनच्या कव्हरला टेकते. फिरवल्यावर गाडी स्टँडवर घेऊन हाताने सगळे गियर टाकून बघा.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याचा संबंध इथे थेट येतो, म्हणून लिहितो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली. लंडनला ती जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून गेली होती. डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं हीच का, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. तेव्हापासून वाघनखाची अंगठी, लॉकेट, गाडीचं स्टिकर यांना मागणी आहे.

दोन वस्तूंची गल्लत होते. एक पोलादी वाघनख, हातात लपवायचं हत्यार. दुसरं खरं वाघाचं नख, जे सोन्यात मढवून लहान मुलाच्या गळ्यात घालायची जुनी रीत होती. दुसरं आता कोणी विकत असेल तर हातही लावू नका. वाघ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, नख बाळगलं तरी ३ ते ७ वर्षांची कैद आहे. शिंगाचं किंवा रेझिनचं करून घ्या. पोलादी वाघनखाचं लॉकेट करायचं तर चांदीत, उंची २५ मिमीच्या आत, नखांची टोकं गोल, आणि कड्यांतून बोट जाणार नाही इतकी बारीक. बोट गेलं की ते लॉकेट राहत नाही. हुपरीचे कारागीर असं काम करतात. मेणाचा साचा आधी दाखवायला सांगा, टोकं तिथेच गोल करून घेता येतात. चांदी ओतल्यावर घासायला लावलं तर वजनाची घट तुमच्या माथी येते.

गंमतीचा भाग म्हणजे ब्रिटनने १९८८च्या आदेशात बंदी घातलेल्या हत्यारांच्या यादीत हाताच्या नख्यांचं हत्यार आहे, बोटांत घालायची लोखंडी मूठ आहे, बकलात लपवलेला सुराही आहे. जे त्यांच्या संग्रहालयात काचेमागे होतं त्याच जातीची वस्तू रस्त्यावर विकायला तिथे बंदी.

माणदेश

मिरवणुकीतल्या नकली कट्यारीबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगून टाका.

अजिंक्यतारा_पायथा

शिवजयंतीला, गणपतीला जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश काढतात, बहुधा पंधरा दिवसांचा. त्यात तलवारी, भाले, सुरे तर असतातच, पण काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू असंही लिहिलेलं असतं. या शेवटच्या वाक्यात जड साखळीही येते. मर्दानी खेळाच्या पथकाने परवानगीच्या अर्जासोबत साहित्याची यादी जोडावी. पोशाखापुरती कट्यार असेल तर सागाची करा, पातं १२ मिमी जाड, कडा गोल, म्यानातून बाहेर निघणार नाही अशी आतून खिळ्याने पक्की. पात्याला चंदेरी रंग देऊच नका. लांबून खरी वाटते आणि बंदोबस्तातल्या माणसाला तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागतो.

कृष्णाघाट

हत्याराचा साज होणं आपल्याला नवं नाही, हे या धाग्यात नोंदवायला हवं. लेझीम हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. शब्द फारसी. मूळ वस्तू म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य, तालमीत दंड आणि खांदे कमावायला. तिरंदाजी गेली, तालीम राहिली. मग साखळीत चकत्या आल्या, वजन उतरलं, आणि शाळेच्या मैदानावर पोरी ती वाजवायला लागल्या. पैलवानाची गदाही तशीच. कुस्तीच्या फडात आता ती चांदीची बक्षीस म्हणून खांद्यावर येते. धागाकर्त्यांनी म्हटलेली वजन, धार, पकड जाण्याची गोष्ट लेझमीत अगदी डोळ्यांसमोर घडलेली आहे.

सप्ततारा

१६ कड्यांच्या हिशोबाने सातही ब्रेसलेट झाली. एकाचं लॉक सारखं निसटतं आहे. क्लिप दोनदा बदलली.

कुपवाडचा_टर्नर

क्लिपचा दोष नाही. लॉक ३/३२ चं आलं असणार. त्याच्या पिना आखूड असतात, त्यामुळे पट्टी पूर्ण खाली बसत नाही आणि क्लिप खाचेत न जाता वरच राहते. पिनेच्या टोकाजवळची खाच पट्टीच्या बाहेर पूर्ण दिसते का ते बघा. दिसत नसेल तर १/८ चं लॉक आणा. पट्टी पक्कडने दाबून खाली न्यायचा प्रयत्न करू नका, कडी आवळली जाते आणि तिथे चेन वळत नाही.